बिभा : षडंशातला आपला तारा

मार्चअखेरीस रात्री नऊ-दहाच्या सुमारास मघा तारा डोक्यावर आलेला असतो. त्याच्या दक्षिणेला, वासुकीच्या अंगाने, रिकामा वाटणारा आकाशाचा तुकडा म्हणजे षडंश तारकासमूह. बिभा तिथेच आहे. 8.7 प्रतीचा हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाम बीच रोडच्या दिव्यांत तर दुर्बीण असूनही त्याचा शोध जिकिरीचा. नवी मुंबईकरांनी अमावास्येच्या आसपासची रात्र धरून पनवेलच्या पुढे, कर्नाळ्यापलीकडे जावे. ताऱ्यांचा नकाशा सोबत हवाच.

सूर्याहून थोडा मोठा असलेला हा तारा सुमारे 340 प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तो साधारण छत्रपती संभाजी महाराजांचा काळ. त्याच्याभोवतीचा संतमस हा ग्रह 2006 मध्ये सापडला, तोही प्रत्यक्ष न दिसता. ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे 200 मीटर वेगाने मागेपुढे होतो, त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात आणि त्यावरून ग्रहाचा पत्ता लागतो. संतमस गुरूच्या किमान दीडपट वजनाचा, पण ताऱ्यापासून जेमतेम 52 लाख किलोमीटरवर. सूर्यापासून बुधाचे अंतर याच्या दहापटीहून जास्त! त्यामुळे संतमसचे वर्ष दोन दिवस आणि तीनेक तासांत संपते.

पूर्वी या ताऱ्याची ओळख एचडी 86081 एवढीच होती. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त त्याच्या बारशाचा मान भारताला मिळाला. ग्रहाचे नाव पुण्यातल्या 13 वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचवले, ताऱ्याचे सुरतमधल्या एका विद्यार्थ्याने. ताऱ्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचे नाव निवडले गेले, याचे मला फार समाधान वाटते. दार्जिलिंगच्या डोंगरांत देबेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी फोटोच्या काचा महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवल्या. विश्वकिरणांतल्या कणांनी त्यांवर उमटवलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्या कणांपैकी मेसॉनचे वस्तुमान काढले. दुसऱ्या महायुद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम थांबले. पुढे सुधारित काचांवर याच पद्धतीने काम करणाऱ्या सेसिल पॉवेल यांना 1950 चे नोबेल मिळाले. 1949 मध्ये बिभाताई मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक.

याच संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीचा खाडीपूल ओलांडताच मानखुर्दला आहे. खगोलशास्त्र ऑलिंपियाडची निवडक मुले तिथे शिबिराला येतात. षडंशाकडे दुर्बीण वळेल तेव्हा त्या मुलांना दार्जिलिंगच्या काचांविषयीही कुणीतरी सांगायला हवे.