अंगावरून गेलेलं वारं मनावरूनही जातं

आमच्या शेजारच्या वस्तीत एक काका आहेत. हयातभर गवंडीकाम केले. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली. पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले. पहिले दोन-तीन महिने जिद्दीने व्यायाम केला. भिंत धरून मोरीपर्यंत जाऊ लागले. घरच्यांना वाटले, आता सुधारणार.

आणि मग काका थांबले. अंथरुणातून उठेनात. ताट पुढे आले की तोंड फिरवायचे. चौदा एप्रिलची मिरवणूक दारावरून गेली, तरी मान वळवली नाही. दरवर्षी निळा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा हा माणूस! एक दिवस काकूंना गादीखाली बीपीच्या गोळ्या सापडल्या. काका त्या खात नव्हते, लपवून ठेवत होते.

मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, आम्ही काय कमी केलं? पाय सुधारत होता. आता हे मुद्दाम करतात."

मुद्दाम नव्हते. तो आजार होता. पॅरालिसिसनंतर येणारे नैराश्य, म्हणजे डिप्रेशन.

आधी माझीच चूक सांगते. मी वॉर्डात नोकरी करत होते, तेव्हा पॅरालिसिसच्या रुग्णाचा बीपी, साखर, लघवी, पाठीवरच्या जखमा, सगळे तक्त्यावर लिहायचे. "मन कसं आहे?" हा प्रश्न कधी विचारला नाही. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडला की आम्ही म्हणायचो, शांत पेशंट आहे, त्रास देत नाही. त्यातले कितीजण आतून खचलेले होते, ते आज कळते.

डीपीत वायर जळली की दिवा जातो

पॅरालिसिस हा मुळात मेंदूचा झटका. रक्ताची गाठ अडकून मेंदूची रक्तवाहिनी बंद होते किंवा ती फुटून रक्तस्राव होतो. तेवढ्या भागातल्या पेशी मरतात. पण मेंदूच्या पेशी एकेकट्या काम करत नाहीत. एका भागातून दुसऱ्या भागात तारांसारखे धागे गेलेले असतात. हात हलवणे, बोलणे, आनंद वाटणे, उद्या काय करायचे ते ठरवणे, या प्रत्येक कामासाठी अनेक भाग एकमेकांशी जोडलेले असतात.

आपल्या गल्लीतली लाईट आठवा. तोंडाशी डीपीत वायर जळली की शेवटच्या खोलीतला दिवा जातो. त्या खोलीतला बल्ब चांगला असतो, बटणही चांगले असते, पण लाईनच येत नाही. मेंदूतही तसेच होते. जखम एका जागी होते, पण तिथून जाणारी जोडणी तुटल्यामुळे दूरचा, न दुखावलेला भागही मंद पडतो.

पूर्वी डॉक्टरांचा असा समज होता की मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे जखम झाली तरच उदासी येते. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तो नियम टिकला नाही. मग २०१९ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा झालेल्या शेकडो रुग्णांच्या जखमांचे नकाशे संशोधकांनी तपासले. नैराश्य आलेल्यांच्या जखमा वेगवेगळ्या जागी होत्या. पण त्या जागा ज्या जाळ्याशी जोडलेल्या होत्या, ते जाळे एकच निघाले. म्हणजे जखम कुठे झाली यापेक्षा कोणती लाईन तुटली, हे महत्त्वाचे.

अर्थात सगळे तारांवर ढकलता येणार नाही. कमावता हात गेला, लघवीलाही दुसऱ्याचा आधार लागतो, घरात पैसा नाही, या गोष्टींचे दुःख खरेच असते. दोन्ही मिळून माणूस खचतो. पॅरालिसिस झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला हे नैराश्य कधी ना कधी गाठते. पहिल्या वर्षात धोका जास्त असतो. असे रुग्ण व्यायाम सोडतात, गोळ्या सोडतात. मग हात-पाय सुधारत नाहीत आणि दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो.

घरात ओळखायचे कसे?

दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत आता मन लागत नाही का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर डॉक्टरांना सांगा.

ज्याची वाचा गेली आहे, त्याच्याकडे नीट बघा. जेवण कमी झाले का, रात्रभर जागा असतो का, नातवंड जवळ आले तरी चेहरा हलत नाही का, व्यायामाला नकार देतो का? काही जणांना कारण नसताना एकदम रडू किंवा हसू फुटते आणि थांबवता येत नाही. तो वेगळा त्रास आहे, त्यालाही औषध आहे. त्याला हसू नका.

"मी गेलो तर सुटाल" असे कोणी म्हणाले, तर ते बोलणे हलक्यात घेऊ नका. एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उपचार आहे

सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. पॅरालिसिसचे सगळे कागद आणि चालू गोळ्या सोबत न्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका आणि बरे वाटले म्हणून मनानेही सोडू नका.

पण शेजारणीची गोळी आणून देऊ नका. ब्रिटनमध्ये पॅरालिसिसच्या ३,१२७ रुग्णांवर फ्लुओक्सेटिन या गोळीचा अभ्यास झाला. अर्ध्या रुग्णांना सहा महिने ती गोळी दिली. त्यांच्यात नैराश्य कमी आढळले, पण हात-पाय काही जास्त सुधारले नाहीत आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणून ज्याला गरज आहे त्यालाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

गोळीबरोबर बोलणे, रोजचा थोडा व्यायाम आणि माणसांत नेणे हवेच. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. आणि हे उपकार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक आजाराचे उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. "मनाचं काही नसतं, घरी जा" असे कोणी म्हटले तर हा कायदा सांगा.

धम्माच्या घरात उतारा कशाला?

कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. तरी आपल्या काही घरांत अजून लिंबू उतरवले जाते, करणी शोधली जाते. त्यात महिने जातात. दुसरीकडे काही शिकलेले लोक म्हणतात, "ध्यान कर, मन मजबूत कर." ध्यानाने आधार मिळतो. पण आजारामुळे ज्याला उठून बसवत नाही, त्याला मन दुबळे म्हणून बोल लावणे हा अन्याय आहे.

विनयात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले आणि संघाला रुग्णसेवेचा धडा दिला. त्यांनी त्या भिक्खूला उपदेश करत बसवले नाही, आधी पाणी आणले.

आपल्या विहारांनी हेच करावे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर महिला मंडळातल्या दोघींनी वस्तीतल्या अशा एका घरी जावे. रुग्णाशी बोलावे आणि त्याचे सगळे करणाऱ्या बाईलाही विचारावे, "ताई, तू कशी आहेस?" तिला तासभर मोकळे करावे. सेवा करणारीही खचते.

काकांना आम्ही रिक्षात घालून मानसोपचार विभागात नेले. दीड-दोन महिन्यांनी ते ताटाकडे बघू लागले, मग गोळ्या स्वतः मागू लागले. हात अजून वळत नाही. पण या चौदा एप्रिलला ते दारात खुर्ची टाकून बसले होते. मिरवणूक आली तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. शब्द नीट उमटले नाहीत, पण 'जयभीम' सगळ्यांना कळला.

तुमच्या गल्लीत भिंतीकडे तोंड करून पडलेले कोणी असेल, तर आजच जाऊन त्यांना विचारा.

जयभीम. नमो बुद्धाय.