स्प्रिंग तोलते, शॉकअप धरतो

एसटीच्या कार्यशाळेत माझी सारी नोकरी पाट्यांखाली गेली. यवतमाळ विभागाची लाल गाडी पिटवर आली की आधी मागचे पाटे बघायचे: मेन पाटा तडकला का, सेंटर बोल्ट तुटला का, यू-बोल्ट सैल पडले का. निवृत्त होऊन घाटंजीला घरी बसलो आणि पोराने जुन्या बाजारातून विजेची कार आणून दारात उभी केली. तेव्हापासून गल्लीतल्या, ओळखीतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न. "काका, इलेक्ट्रिक गाडीले सस्पेन्शन कोणतं टाकावं?" उत्तर एका वाक्यात देता येतं, पण पटत नाही कोणाला: स्प्रिंगवर पैसे घालू नका, आधी शॉकअप बघा.

याचं कारण पाट्यांतच आहे. एसटीची स्प्रिंग म्हणजे हे एकावर एक रचलेले पाटे. गाडी दबली की ते एकमेकांवर सरकतात, घासतात, आणि त्या घासण्यातच उसळीचा बराच जोर जिरून जातो. म्हणून शॉकअप पार गळून गेलेली एसटीसुद्धा कशीबशी रस्ता धरून चालते. कारची गुंडाळी स्प्रिंग तशी नाही. तिच्यात घासणं जवळजवळ नाहीच. दाबली तेवढी सारी ताकद ती परत फेकते, आणि ती जिरवणारा एकटा शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि त्यांवर पातळ चकत्यांच्या झडपा. तेल त्या वाटेने जबरदस्तीने ढकललं जातं, तापतं, आणि गाडीची उसळी उष्णता होऊन हवेत जाते. गाडीचं वजन तोलणं हे त्याचं कामच नव्हे. वजन स्प्रिंग तोलते; शॉकअप हालचालीला लगाम घालतो.

आता आमचा रस्ता. घाटंजी तालुक्याची जमीन कापसाची, काळी. या मातीतली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. वर डांबर कितीही चोख घाला, खालचा थर वर-खाली झाला की रस्त्याला लांबट लाटा येतात. खड्डा दिसतो, ड्रायव्हर ब्रेक मारतो. लाट दिसत नाही, आणि गाडीचा खरा कस तिच्यावरच लागतो.

हिशेब करून बघा. समजा दोन लाटांमध्ये १२ मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. सेकंदाला साडेसोळा मीटरच्या थोडं वर, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ लाटा. कारची स्प्रिंगवर डोलण्याची स्वतःची लय साधारण सेकंदाला १ ते १.५ अशी ठेवलेली असते, कारण माणसाच्या शरीराला तीच मानवते. रस्त्याची लय आणि गाडीची लय जुळली की झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. प्रत्येक लाटेला गाडी आधीपेक्षा वर जाते. ताशी ४० ला त्याच लाटा सेकंदाला ०.९ येतात, काही वाटत नाही. ८० ला १.८ च्या वर जातात, पुन्हा जरा बरं वाटतं. आमच्या पोराची तक्रार नेमकी हीच होती: "बाबा, साठीच्या आसपास गाडी लय डुलते." त्याला वाटलं विजेच्या गाड्या अशाच असतात.

तशा त्या नसतात, पण त्यांचं गणित वेगळं असतं हे खरं. नेक्सॉनचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. जानेवारी २०२० मध्ये आलेली विजेची नेक्सॉन ३०.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह सुमारे १४०० किलो भरते. पेट्रोलवाली साडेबाराशेच्या आसपास. हे जादा वजन फरशीखाली, अगदी तळाशी असतं. त्याचा फायदा मोठा. गुरुत्वमध्य खाली गेल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते. पण वजन ते वजनच. वळणावर तेवढं जादा ओझं चार टायरांनाच रेटून धरावं लागतं, आणि लाटेवरून खाली आपटणारं वस्तुमान वाढलेलं असतं.

वजन १२ टक्के वाढलं आणि स्प्रिंग-शॉकअप जुनेच ठेवले, तर शॉकअपची पकड वर्गमुळाच्या हिशेबाने पाच-सहा टक्के सैल पडते. कंपन्यांना हे ठाऊक असतं. म्हणून विजेच्या मॉडेलला स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे जुळवतात. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात, भोकंही जुळतात. इथेच फसगत होते. पेट्रोलच्या भावंडाचा शॉकअप स्वस्तात मिळाला म्हणून विजेच्या गाडीला चढवतात आणि मग म्हणतात, नवा टाकूनही फरक नाही. पार्ट नंबर बघितल्याशिवाय डबा उघडू नये.

आमच्या गाडीची गोष्ट सांगतो. गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. आधीच्या मालकाने ती भरपूर दामटली होती. पोरगा ती घेऊन एका सजावटीच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "कडक स्प्रिंगा टाका भाऊ, थोड्या बुटक्या. पाहा कशी रस्त्याले चिकटते." पोरगा आगाऊ पैसे द्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी हात लावून बघू.

हात लावून बघणं ही एसटीतली जुनी तपासणी. खराब रस्त्यावरून गाडी चांगली फिरवून आणायची आणि उतरल्याबरोबर, ब्रेकच्या डिस्कला हात न लागू देता, चारही शॉकअपच्या नळ्या चाचपायच्या. जो काम करतो तो तापतो. जो गार, तो मेलेला. आमचे पुढचे दोन्ही कोमट, मागचा डावा बऱ्यापैकी गरम आणि उजवा सावलीत ठेवलेल्या लोखंडासारखा गार. नळीवर तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा लेप.

मग टायर. तळवा टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने दात लागले, तर अलाइनमेंट बिघडलं, चाकाचा टो चुकला. आता तळवा चाकाच्या गोलाईने फिरवा. उंच-सखल, वाटी-वाटी लागली, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतंय, म्हणजे शॉकअप गेला. आमच्या मागच्या उजव्या टायरवर वाट्या होत्या, पुढच्या दोन्हींवर दात. रस्ता टायरवर लिहून ठेवतो, वाचणारा हवा.

त्या गाडीला दुकानदाराच्या कडक स्प्रिंगा टाकल्या असत्या तर काय झालं असतं? स्प्रिंग जेवढी कडक, तेवढी तिची परत फेकायची ताकद जास्त, आणि तिला आवरायला तेवढाच जबरदस्त शॉकअप लागतो. आधीच दमलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग म्हणजे आणखी उड्या. गाडी बसल्या जागी ताठ वाटते, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण चाक जितका वेळ हवेत, तितका वेळ ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग चालतं. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवायचा जो प्रकार चालतो, त्याचंही तेच. काही वेढे निकामी होतात, उरलेली स्प्रिंग कडक होते, शॉकअप तोच.

बुटक्या स्प्रिंगांचा आणखी एक धोका आमच्याकडे फार खरा आहे. शेतात जायचं तर पांदण रस्ता, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. विजेच्या गाडीचं पोट म्हणजे बॅटरीची पेटी. ती खाली आणायची आणि मग पांदणीत घासायची, हे कोणत्या शहाणपणात बसतं? उलट काही जण स्पेसर घालून गाडी उचलतात. त्याने गुरुत्वमध्याचा फायदा गेला, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला, चाकं खाली झेपावायला जागा उरली नाही. कायद्याचंही भान हवं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. शिवाय बॅटरीची लांबलचक वॉरंटी हातची घालवायची का, हेही ज्याने त्याने ठरवावं.

आम्ही काय केलं? मागच्या-पुढच्या जोड्यांत चारही शॉकअप बदलले, विजेच्या मॉडेलच्याच पार्ट नंबरचे, आत नायट्रोजन भरलेले. नायट्रोजन कशाला, तर साध्या शॉकअपमध्ये सतत घुसळून तेलात हवेचे बुडबुडे होतात, फेस होतो, आणि फेस छिद्रातून विनासायास निघून जातो. गॅसचा दाब असला की फेस उशिरा होतो. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटले होते, ते नवे टाकले. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड खडखडत होत्या, त्याही. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, लटकलेल्या चाकांवर नाही. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. टायरची हवा गार असताना, दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे. स्प्रिंगला हात लावला नाही. साठीच्या आसपासचं डोलणं गेलं.

गॅरेजवाल्या पोराला दोन गोष्टी बजावल्या होत्या. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावायचा, बॅटरीच्या पेटीला टेकवायचा नाही. आणि नारिंगी वायर म्हणजे मोठा दाब; तिच्याजवळ पाना न्यायचा नाही.

हॅंडलिंग म्हणजे वळणावर शर्यत लावणं असं पोरांना वाटतं. आमच्याकडे त्याचा अर्थ रोही, म्हणजे नीलगाय. संध्याकाळी कापसाच्या शेतातून एखादा रोही सरळ डांबरावर येतो, आणि एका दमात स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे करावं लागतं. स्वीडनमध्ये हीच भीती सांबरासारख्या थोराड मूस या प्राण्याची. तिथल्या एका मोटार मासिकाने ऑक्टोबर १९९७ मध्ये नवी मर्सिडीझ ए-क्लास अशाच कसोटीत चालवली आणि ती उलटली. मर्सिडीझने गाडी परत बोलावून सस्पेन्शन सुधारलं आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ईएसपी, प्रत्येक गाडीला बसवली. गंमत अशी, की त्या गाडीची दुहेरी फरशी पुढेमागे बॅटरी बसवता यावी म्हणूनच उंच ठेवलेली होती. बॅटरी नव्हती, उंची मात्र होती.

अशा झटक्यात गाडी शेवटी किती कलणार हे स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर ठरवतात. पण किती वेगाने कलणार हे शॉकअप ठरवतो, आणि रोहीसमोर तुमच्या हातात असतो तो वेगाचाच प्रश्न. विजेच्या गाडीत एक भर: पाय काढताच मोटर ब्रेक लावते, वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ओल्या वळणावर पाय एकदम उचलू नये, हळूहळू उचलावा.

नव्या गाड्यांत आता शॉकअपच हुशार होऊ लागलेत. रांजणगावच्या फियाट-टाटा भागीदारीतल्या कारखान्यातून नेक्सॉन निघते आणि तिथूनच जीप कंपासही. कंपासच्या शॉकअपमध्ये तेलाला दुसरी वाट ठेवलेली असते. बारीक, भरभर हादऱ्यांना ती उघडी राहते म्हणून गाडी मऊ वाटते; लाटेसारख्या संथ हालचालीला बंद होते म्हणून गाडी घट्ट राहते. काळ्या मातीच्या रस्त्याला याहून योग्य काही मी बघितलं नाही, आणि त्यात वायर एकही नाही. चाकणला बनणाऱ्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या बीई ६ च्या वरच्या मॉडेलांत त्याच्या पुढचं पाऊल आहे: शॉकअप चालता चालता स्वतःच कडक-मऊ होतात. छान आहे, पण तो बिघडला की घाटंजीत कोण उघडणार, हा माझ्यासारख्याचा पहिला प्रश्न.

आमच्या घरी वाद अजून चालू आहे. पोराला आता १६ इंचांच्या जागी १८ इंची अलॉय रिमा हव्यात. रीम मोठी म्हणजे टायरची भिंत बारीक, खड्ड्याचा मार थेट रिमेला. आणि रीम जड निघाली तर ते वजन स्प्रिंगच्या खाली पडतं, शॉकअपला आवरायला सगळ्यात अवघड, वर एका चार्जिंगमधले किलोमीटर घटतात ते वेगळंच. "पण बाबा, दिसते कशी पाहा ना!" दुकानदाराने त्याला किंमत सांगितली आहे. मी एका रिमेचं वजन विचारून ये म्हणून परत पाठवलं आहे.