ट्रेलरचा गीझर : प्लग काढायच्या आधी



ऑक्टोबर आला. उन्हाळाभर स्टेट पार्कांत फिरवलेला ट्रॅव्हल ट्रेलर आता ताडपत्रीखाली जाणार. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे ट्रेलर झाकण्याआधी त्यातला वॉटर हीटर, म्हणजे आपल्या भाषेत गीझर, रिकामा करावाच लागतो. डीलर पैसे घेऊन हे करून देतो. पण काम तासाभराचं आहे, घरी सहज जमतं. फक्त क्रम सोडायचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रिकामा का करायचा? पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर त्याला जायला जागा नसते, आणि टाकी फुटते. ते कळतं वसंतात, पहिल्या ट्रिपला. नवा हीटर म्हणजे काहीशे डॉलरचा फटका.

आता क्रम :

१. गॅस आणि वीज दोन्ही बंद. विजेचं बटण काही मॉडेलांत आत असतं, काहींत बाहेर हीटरच्या झाकणामागेही असतं. दोन्हीकडे बघा.

२. पाणी पूर्ण थंड होऊ द्या. मी आदल्या रात्री बंद करतो आणि सकाळी चहा झाल्यावर कामाला लागतो.

३. पाण्याचा पंप बंद करा, बाहेरून जोडलेला होज काढा.

४. आतला गरम पाण्याचा नळ उघडा. मग हीटरच्या वरच्या बाजूला असलेल्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची दांडी हळूच उचला. फुस्स आवाज थांबला की दाब गेला.

५. आता खालचा प्लग काढा, तोही बाजूला उभं राहून.

दुसरी आणि चौथी पायरी गाळून घाई करणारे लोक मी कॅम्पग्राउंडवर पाहिलेत. हीटरमधलं पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं. तेवढं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. त्यात दाब असेल तर प्लग बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि मागोमाग पाण्याची धार. आपली पोरं 'बाबा, काय करतोयस?' म्हणत नेमकी समोर येऊन बसतात. त्यांना आधी लांब पाठवा.

प्लग कुठला, हे हीटरच्या बनावटीवर अवलंबून. सबर्बनची टाकी पोलादी, आतून काचेसारखा मुलामा दिलेली. तिच्या प्लगलाच मॅग्नेशियमचा लांब रॉड जोडलेला असतो, त्याला ॲनोड रॉड म्हणतात. बारावीचं रसायनशास्त्र आठवा : मॅग्नेशियम लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून आधी ते झिजतं आणि टाकी वाचते. रॉड तीनचतुर्थांश संपला असेल तर बदला. नवा रॉड बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. ॲटवुडची टाकी मात्र ॲल्युमिनियमची. ही कंपनी २०१४ मध्ये डोमेटिकने घेतली. तिला नायलॉनचा साधा प्लग असतो. तिथे रॉड बसवायला जाऊ नका, तसलाच नायलॉनचा प्लग लावा.

पाणी निघून गेलं तरी तळाशी पांढरा चुरा राहतो. तो जड पाण्यातला क्षार. बारीक नळीचा फ्लशिंग वाँड मिळतो, तो आत घालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. प्लगच्या पातळीखाली थोडं पाणी उरतंच, त्याची काळजी नको. त्याला फुगायला भरपूर जागा असते.

पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरणार असाल तर आधी हीटरचा बायपास व्हॉल्व्ह फिरवा. नाहीतर टाकीच ६ गॅलन अँटीफ्रीझ पिऊन टाकते.

एक चिठ्ठी लिहून विजेच्या बटणावर चिकटवा : 'टाकी रिकामी आहे.' कारण वसंतात कोणी कोरड्या टाकीचं बटण दाबलं तर आतलं एलिमेंट मिनिटभरात जळतं. सुरू करताना आधी बायपास मूळ जागी, मग टाकी भरायची. गरम नळातून हवा न अडखळता सलग पाणी आलं की मगच बटण. गॅसवर लावण्याआधी बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं नाही ना, तेही बघा.

जाता जाता : आपल्या आईबाबांच्या बाथरूममधल्या साठवणीच्या गीझरमध्येही बहुतेक असाच मॅग्नेशियमचा रॉड असतो. घरी बोअरचं पाणी असेल तर तो लवकर संपतो, आणि टाकी गळेपर्यंत कोणी उघडून बघत नाही. पुढच्या भारतवारीत मेकॅनिकला बोलावून तेवढं तपासून घ्या. त्यांना ते एकट्याने जमणारं काम नाही.