भाग २३: पुरून ठेवलेला तालंत आणि न पाठवलेला रेझ्युमे

सर्वांना सलाम! लोकलच्या दारात उभं राहून ऐकणाऱ्यांना, बसमध्ये खिडकीची सीट मिळालेल्या भाग्यवानांना, आणि रात्री अकरा वाजता बग शोधत बसलेल्या माझ्या जातभाईंना पण. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतोय, थोडं 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' कापून.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, मी रोज प्रार्थना करते, चर्चला जाते, तरी इंटरव्ह्यूचा कॉल आला की पोटात गोळा येतो. दोनदा मी कॉल उचललाच नाही. माझा विश्वास कमी आहे का?"

ताई, मी सांगतो माझं. माझ्या लॅपटॉपवर 'रेझ्युमे फायनल २' नावाची फाइल चौदा महिने पडून होती. सपोर्ट प्रोजेक्टमध्ये होतो, दिवसभर तिकिटं बंद करायची, संध्याकाळी घरी. मला जायचं होतं बॅकएंड डेव्हलपमेंटमध्ये. कोणी विचारलं की म्हणायचो, "देवाच्या वेळेची वाट बघतोय." ऐकायला किती छान वाटतं ना? खरं कारण वेगळं होतं. मराठी मिडियमचा मुलगा, समोर चार लोक इंग्रजीत प्रश्न विचारणार, आणि मी गप्प बसणार, एवढंच. घाबरलो होतो, आणि वरून त्याला विश्वासाचं लेबल लावलं होतं.

मग एका रविवारी उपासनेत मत्तयच्या २५ व्या अध्यायातला तालंतांचा दाखला वाचला गेला. शंभर वेळा ऐकलेला. धनी परदेशी जातो, तीन नोकरांना पाच, दोन आणि एक तालंत देऊन जातो. पहिले दोघं दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरतो. आपण संडे स्कूलमध्ये शिकलो की तिसरा आळशी होता. धनीसुद्धा त्याला आळशी म्हणतो, ते खरंच आहे. पण तो स्वतः कारण काय देतो ते बघा. तो म्हणतो, मी भ्यालो.

आणि एक तालंत म्हणजे चिल्लर नव्हती बरं का. एक तालंत म्हणजे साधारण ६००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळपास वीस वर्षांची कमाई त्याने खड्डा खणून पुरली! 'माझ्याकडे आहेच काय' असं वाटणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

तो का भ्याला, हे पण तिथेच आहे. त्याला धनी कठोर वाटत होता. पैसे बुडाले तर हा आपल्याला सोडणार नाही, असं चित्र त्याने डोक्यात धरलं होतं. मला तिथे खटकलं, कारण माझ्या डोक्यातला देव पण तसाच होता, एखाद्या कडक मॅनेजरसारखा, वर्षाच्या शेवटी रेटिंग देणारा. नापास झालो तर देवाला पण आपण नापासच दिसणार. धंद्यात पैसे घालवलेला चौथा नोकर त्या दाखल्यात नाही. तो असता तर धनी त्याला काय म्हणाला असता, यावर मी बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, त्याला कमी बोलणी बसली असती. हे माझं मत, पाळकांना विचारून घ्या.

आता 'विश्वास असेल तर भीती नसते' या वाक्याकडे येऊ. हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, आणि मला ते पटत नाही. प्रभू येशू स्वतः गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला, हा प्याला टळू दे म्हणाला, मित्रांना जागं राहायला सांगितलं. मग उठून गेला. आपल्याला पोटात गोळा आला म्हणून आपण कमी विश्वासू, हे कोणी ठरवलं?

मोशेचं तर अजून मजेशीर आहे. निर्गमच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात देव त्याला फारोकडे जायला सांगतो, आणि हा ऐंशी वर्षांचा माणूस एकामागून एक कारणं देतो. मी कोण जाणारा? तुझं नाव काय सांगू? ते विश्वास ठेवणार नाहीत. मला नीट बोलता येत नाही. शेवटी सरळ म्हणतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव रागावतो, पण त्याला सोडत नाही. आणि त्याची जीभ त्या क्षणी मोकळी झाली असंही तिथे लिहिलेलं नाही. भाऊ अहरोन सोबत दिला जातो, बोलायला. म्हणजे मोशेची अडचण तशीच राहिली आणि सोबत आली.

मी तिथून एकच गोष्ट उचलली: आपला अहरोन शोधायचा. आमच्या तरुण संघात एक मित्र आहे, इंटरव्ह्यू घेणारा. रविवारी उपासनेनंतर संडे स्कूलच्या खोलीत, लहान मुलांच्या बाकांवर बसून, त्याने माझे मॉक इंटरव्ह्यू घेतले. पहिल्या दिवशी मी डेटाबेसचा इंडेक्स समजावताना अडखळलो आणि तो हसला. नंतर आम्ही दोघांनी प्रार्थना केली, चहा प्यायलो, परत सुरू केलं. घरी आईला खर्चाचं गणित सांगितलं, सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवले. हे सगळं न करता राजीनामा देऊन 'देव बघून घेईल' म्हणणं मला धाडस वाटत नाही.

आणि कृपा करून असं समजू नका की प्रार्थना केली की ऑफर लेटर येतं. माझे तीन इंटरव्ह्यू गेले. चौथा झाला. पण कधीकधी हवं ते दार उघडतच नाही.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८८२ मध्ये त्यांनी हंटर कमिशनपुढे भारतातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. १८८३ मध्ये स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, सोबत लहान मुलगी मनोरमा. नवरा आदल्या वर्षीच वारलेला. तिथे त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण कानाने ऐकू कमी येत होतं, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण राहूनच गेलं. पुढे १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, कशासाठी? आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभासाठी! आपलं स्वप्न दुसरीच्या हातात बघायला. मी असतो तर गेलो नसतो. तिथून त्यांनी पैसे आणि माणसं जोडली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, मग केडगावचं मुक्ती मिशन, आणि शेवटची वर्षं मराठी बायबलच्या भाषांतरात, हिब्रू आणि ग्रीक शिकून.

तर त्या ताईला मी उलट मेसेज केला. तिने काल परत आलेला कॉल उचलला. इंटरव्ह्यू गुरुवारी साडेदहाला आहे, अजून गोळा येतोच म्हणते. बुधवारी रात्री माझ्या त्याच मित्राने तिचा मॉक घ्यायचं कबूल केलंय. गुरुवारी सकाळी तिची प्रार्थनेत आठवण ठेवा. पुढच्या भागात नोटीस पिरियडबद्दल बोलू. सलाम!