व्हर्च्युअल मशिनांची खुशाली

क्लाउडमधलं एखादं व्हर्च्युअल मशीन चालू आहे की बंद पडलंय, हे बाहेरून ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. डेटा सेंटरमध्ये रॅकवर रचलेले असतात ते खरे सर्व्हर. त्यांतल्या एकेका सर्व्हरचा प्रोसेसर आणि मेमरी हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर वाटून देतं आणि त्यातून अनेक व्हर्च्युअल मशिनं उभी राहतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं राहावीत, तसं. प्रत्येकाचं दार वेगळं, आणि आत काय चाललंय हे वाड्याच्या मालकाने डोकावून पाहायचं नाही. आत बँकेचे व्यवहार असतील, हॉस्पिटलचे रिपोर्ट असतील.

म्हणून आपली खुशाली मशिननेच कळवायची, अशी व्यवस्था असते. मशिनच्या आत एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो आणि तो ठरावीक वेळाने खालच्या सर्व्हरला अगदी लहानसा संदेश पाठवत राहतो. यालाच हार्टबीट म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये ही सेवा अंगचीच असते. व्हीएमवेअरमध्ये ते काम ‘व्हीएमवेअर टूल्स’ करतं. संदेश येतोय तोवर प्रश्नच नाही. खरी परीक्षा तो थांबला की सुरू होते.

कारण संदेश थांबण्याची कारणं अनेक. ऑपरेटिंग सिस्टीम गोठली असेल, मशीन कामाच्या ओझ्याखाली दबलं असेल, वाटेत नेटवर्क तुटलं असेल किंवा बिचारा एजंटच कोसळला असेल. मेलेलं आणि नुसतं मंदावलेलं मशीन यांत फरक कसा करायचा, हा संगणकशास्त्रातला जुना पेच आहे. संदेश पोहोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एखादं यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर सगळ्या यंत्रांचं एकमत होईलच याची खात्री कुठलीही ठरावीक पद्धत देऊ शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये गणिताने सिद्ध केलं. त्यामुळे प्रत्यक्षात अंदाजच बांधावा लागतो, आणि तो जपून. व्हीएमवेअरची यंत्रणा सर्वांत कडक सेटिंगवर ३० सेकंद वाट पाहते. तेवढ्यात हार्टबीट आला नाही, तरी लगेच मशीन रीस्टार्ट करत नाही. गेल्या १२० सेकंदांत डिस्क किंवा नेटवर्कवर काही हालचाल होती का, ते आधी तपासते. हालचाल असेल, तर मशिनला हात लावत नाही.

हा सावधपणा किती मोलाचा, हे मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउड सेवेच्या २९ फेब्रुवारी २०१२ च्या बिघाडाने दाखवून दिलं.

ॲझ्युरमध्ये व्हर्च्युअल मशीन सुरू झालं, की आतला गेस्ट एजंट एक सुरक्षा प्रमाणपत्र तयार करी आणि त्याला वर्षभराची मुदत देई. मुदत काढायची रीत साधी: आजची तारीख घ्यायची, सालात एक मिळवायचा. जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, आणि एजंटने तारीख काढली २९ फेब्रुवारी २०१३. अशी तारीखच नाही. प्रमाणपत्र बनेना आणि एजंट तिथेच बंद पडला.

खालच्या सर्व्हरवरचा होस्ट एजंट वरून संपर्क येण्याची वाट पाहत होता. २५ मिनिटं थांबून त्याने मशीन नव्याने सुरू केलं. पुन्हा तेच झालं. सलग तीनदा असं झालं, म्हणजे ७५ मिनिटं गेली, तेव्हा त्याने नियमाप्रमाणे निष्कर्ष काढला, की सर्व्हरचं हार्डवेअरच बिघडलं असणार. नियम काही वेडगळ नव्हता. धड ऑपरेटिंग सिस्टीम तीन वेळा उठत नसेल, तर एरवी दोष यंत्रातच सापडतो. नियंत्रण यंत्रणेने तो सर्व्हर बाजूला काढला आणि त्यावरची मशिनं दुसऱ्या, निरोगी सर्व्हरवर हलवली. तिथे ती नव्याने सुरू झाली, त्यांच्या एजंटांनी तीच तारीख काढली, आणि तो सर्व्हरही ‘आजारी’ ठरला. बरं करण्यासाठी बांधलेली यंत्रणाच आता बिघाड पसरवत होती.

ॲझ्युरचा एक क्लस्टर तेव्हा सुमारे १,००० सर्व्हरचा होता. एका क्लस्टरमध्ये ठरावीक संख्येहून जास्त सर्व्हर आजारी पडले, की आपोआप होणारी दुरुस्ती थांबवायची आणि माणसांना हाक मारायची, असा आणखी एक नियम होता. त्या रात्रीचा सर्वांत शहाणा नियम हाच म्हणायला हवा. तो नसता, तर उरलेले सर्व्हरही एकेक करून बाद होत गेले असते. हाक मिळालेल्या इंजिनिअरांनी दीड तासाच्या आत मूळ दोष शोधला आणि आणखी नुकसान होऊ नये म्हणून जगभरातल्या ग्राहकांचं मशिनं सुरू-बंद करणं रोखून धरलं. ॲझ्युरने असं प्रथमच केलं होतं.

बहुतेक क्लस्टर काही तासांत सावरले. सात मात्र नेमके एका अपडेटच्या मध्यावर अडकले होते, आणि तिथे घाईत दिलेल्या दुरुस्तीत नेटवर्कचा एक भाग न जुळणारा निघाला. एका सर्व्हरवर चाचणी घेतली तेव्हा मशिनं चालू दिसली होती. पण दुरुस्ती सगळीकडे पोहोचल्यावर कळलं, की मशिनं चालू आहेत, फक्त नेटवर्कपासून तुटली आहेत. पूर्ववत व्हायला १ मार्च उजाडला.

म्हणूनच हार्टबीट नक्की कशाची ग्वाही देतो, हे त्यावर विसंबणाऱ्याने नीट पाहून घ्यायला हवं. एजंट चालू आहे, एवढंच तो सांगतो. वेबसाइट उघडते का, पैसे भरले जातात का, हे त्याला ठाऊक नसतं. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये दर मिनिटाला वेगवेगळ्या तपासण्या होतात: एक खालच्या यंत्रणेची, जिथला दोष ॲमेझॉनने निस्तरायचा, दुसरी मशिनच्या आतली, जिथे बहुधा ग्राहकालाच हात घालावा लागतो. त्यावर, येणारी वाहतूक मशिनांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर ग्राहकासारखंच बाहेरून पान मागतो आणि उत्तर आलं नाही, तर त्या मशिनकडे जाणारी वाहतूक दुसरीकडे वळवतो. हा तिसरा थर वगळला, तर ते महागात पडू शकतं.

मायक्रोसॉफ्टने घडलेला सगळा प्रकार मार्च २०१२ मध्ये तासातासाच्या हिशेबाने जाहीर केला, आणि बाधित सेवांच्या त्या महिन्याच्या बिलात ग्राहकांना ३३ टक्के सूट दिली. एजंट सुरूच होत नसेल तर ते कळायला ७५ मिनिटं लागू नयेत, अशी सुधारणा करण्याचंही कंपनीने त्याच अहवालात कबूल केलं.