सोळा हाका

चाळीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळेल. खाली अंगणात उभं राहून कोणी "ए सुऱ्याऽऽ" म्हणून ओरडतं. हाक सगळ्या मजल्यांवरच्या सगळ्या खोल्यांत पोचते, पण कुणी हातातलं उलथणं खाली ठेवत नाही. कठड्यावर येऊन डोकावतो तो फक्त सुऱ्या. बाकीच्यांनीही हाक ऐकलेली असते, आपली नाही म्हणून सोडून दिलेली असते. झोपलेल्या कॉम्प्युटरला दुरून उठवण्याची युक्ती, जिला 'वेक ऑन लॅन' म्हणतात, ती अशीच आहे.

माझा जुना डेस्कटॉप सांगलीच्या घरी, वरच्या खोलीत असतो. मी पुण्यात. पंधरा वर्षांचे फोटो आणि अर्धवट राहिलेली कामं त्याच्या पोटात. एखादी फाइल लागली की मी आईला फोन करायचे, "वर जाऊन तेवढं बटण दाबतेस का?" गुडघे दुखायला लागल्यावर एकदा ती वैतागली, "टीव्हीला रिमोट आहे, पंख्याला रिमोट आहे, याला का नाही?" याला तर १९९०च्या दशकापासून आहे. तो माझ्या घरी का चालत नाही हे शोधण्यात माझे तीन आठवडे गेले आणि 'बंद' या शब्दावरचा विश्वासही.

कारण डेस्कटॉप बंद नसतोच. अगदी जुन्या पीसीचं बटण खटकन वीज तोडायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही बांधणी आणली आणि पुढच्या बटणाचा अधिकार गेला. आता ते नुसती विनंती करतं. पॉवर सप्लायमधून निघणारी एक जांभळी वायर मदरबोर्डला पाच व्होल्ट पुरवतच राहते. स्क्रीन काळी, पंखा थांबलेला, प्रोसेसर गार, आणि तेवढ्या विजेवर नेटवर्क कार्डाचा एक कोपरा जागा. त्याला विंडोज माहीत नाही, इंटरनेट माहीत नाही. तो नुसता कान आहे.

हा कान ज्याची वाट बघतो त्या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात. एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून तो ठरवला. नावात जादू आहे, आत अजिबात नाही. आधी सहा बाइट, सगळे बिट एक असलेले, म्हणजे 'एफएफ' सहा वेळा. हाकेआधीचं ते 'एऽऽ' समजा. मग त्या कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता, सलग सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. यूटीएफ-८ पद्धतीच्या युनिकोड देवनागरीत एवढ्या जागेत जेमतेम ३४ चिन्हं मावतात, काना-मात्रा धरून.

सोळाच वेळा का, यात खरी गंमत आहे. जाग्या कॉम्प्युटरला येणारं प्रत्येक पाकीट उघडून वाचता येतं: कुणाकडून आलं, कोणत्या कामाचं. झोपलेल्या कार्डाला वाचता येत नाही. समोरून वाहणाऱ्या बाइटांवरून ते नुसतं बोट फिरवतं आणि जुळतंय का बघतं. त्याचा स्वतःचा पत्ता त्याला धाडलेल्या प्रत्येक पाकिटावर एकदा असतोच, तेव्हा एका हाकेला उठायचं म्हटलं तर रात्रभर डोळा लागायचा नाही. सलग सोळा वेळा मात्र तो पत्ता योगायोगाने येत नाही. कुणीतरी मुद्दाम हाका मारतंय, एवढं त्या अडाणी कानाला त्यावरून कळतं.

वाचता येत नाही म्हटल्यावर पाकिटावर काय लिहिलंय यानेही फरक पडत नाही. मॅजिक पॅकेट बहुतेक वेळा पोर्ट ९ वर पाठवतात. हा पोर्ट म्हणजे चक्क केराची टोपली: जे येईल ते घ्यायचं आणि फेकून द्यायचं, अशी त्याची व्याख्या जॉन पोस्टेल यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवली आहे. समजा कॉम्प्युटर आधीच जागा असेल, तर हाक टोपलीत जाते आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आणि तो पत्ता? त्याला मॅक पत्ता म्हणतात, ४८ बिटांचा. एवढ्या बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त वेगवेगळे पत्ते बसतात. प्रत्येक कार्डाला जगात एकमेव नाव द्यावं आणि त्यासाठी ४८ बिट घ्यावेत, या मांडणीवरचा १९८१चा प्रसिद्ध निबंध दोघांचा आहे. त्यातले एक योगेन दलाल, पवईच्या आयआयटीतून इंजिनीअर होऊन अमेरिकेत गेलेले. आमच्या कार्डाचा पत्ता आईने मला फोनवर वाचून दाखवला. "डी म्हणजे डमरूचा ना?" "हो." "मग बी की डी ते नीट दिसत नाहीये, चष्मा आणते." बारा चिन्हांना दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं वाया गेली नाहीत, कारण यातलं एक चिन्ह चुकलं तर आपण भलत्याच सुऱ्याला हाका मारत बसतो आणि चूक झाली असं कुणीच सांगायला येत नाही.

पत्ता बरोबर निघाला, तरी कॉम्प्युटर उठेना. पहिलं कारण तंत्रज्ञानातलं नव्हतंच. वळवाचे दिवस होते, ढग गडगडले की आई भिंतीवरचं बटण बंद करते. जांभळ्या वायरीतच वीज नाही तर कान कुठला?

दुसरं कारण थेट युरोपातून आलेलं. उपकरण 'बंद' असताना अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, असा नियम युरोपीय संघाने २०१३ पासून लागू केला. मदरबोर्ड साऱ्या जगासाठी एकच बनतो, त्यामुळे तो नियम पाळण्याचा खटका, 'ईआरपी' या नावाने, आमच्याही बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत, होता आणि चालू होता. वीज वाचवायची म्हणून तो सगळ्यात आधी कानच बंद करतो. ब्रुसेल्सच्या कायद्याने सांगलीतला कॉम्प्युटर बहिरा झाला होता.

तिसरं विंडोजचं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही, उद्या लवकर उठता यावं म्हणून आपला गाभा डिस्कवर लिहून पडतं. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. तसं पडताना कार्डाला 'जागा राहा' हा हुकूम द्यायचा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच ठरवलंय. ती सोय काढून टाकली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाला उठवण्याची परवानगी दिली आणि त्याखालच्या 'फक्त मॅजिक पॅकेटनेच' या चौकोनातही खूण केली. ती करायची राहिली तर इतरही पाकिटांनी यंत्र अपरात्री जागं होऊ शकतं. लिनक्सवाल्यांचं काम एका अक्षराचं: 'ईथटूल'मध्ये 'डी' दिसलं तर कान बंद, 'जी' दिसलं तर चालू.

एका शनिवारी मी सांगलीला जाऊन हे सगळं केलं. खाली स्वयंपाकघरात बसून मोबाइलवरून हाक मारली आणि वर पंखा घरघरला. आईने गॅस बारीक केला आणि छताकडे बघितलं.

पुण्याला परतल्यावर मात्र खरं कोडं सुरू झालं. घराच्या राउटरला बाहेरून आलेली हाक डेस्कटॉपकडे पाठवायला सांगून ठेवलं होतं. (घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता असेल तरच हे जमतं. पुष्कळ घरगुती जोडण्यांत अनेक ग्राहकांत मिळून एकच पत्ता असतो, तिथे बाहेरची हाक दारापर्यंतही येत नाही.) रात्री कॉम्प्युटर दुरूनच बंद केला, दोन मिनिटांनी हाक मारली, उठला. पुन्हा बंद केला. सकाळी हाक मारली, ढिम्म. आईला बटण दाबायला लावलं, बंद केला, लगेच हाक मारली, तर उठला! दुपारी पुन्हा ढिम्म. ताजा झोपलेला उठतो आणि गाढ झोपलेला उठत नाही, असं दिसत होतं. पण यंत्राला गाढ झोप असते का?

कॉम्प्युटरची झोप तीच होती. विसरत होता तो राउटर. बाहेरून येणारं पाकीट आयपी पत्त्यावर येतं आणि कार्डाला कळतो मॅक पत्ता. कोणत्या आयपीमागे कोणतं मॅक, याची वही राउटर ठेवतो, पण काही मिनिटांत जुनी नोंद खोडतो आणि गरज पडली की घरभर विचारतो, "या आयपीचं कोण आहे?" याला एआरपी म्हणतात. उत्तर द्यायला यंत्र जागं हवं. नोंद शिल्लक असेपर्यंत माझी हाक पोचत होती. ती खोडली गेली की राउटर दारात उभा राहून विचारायचा, आतून उत्तर यायचं नाही आणि पाकीट तिथेच टाकलं जायचं. उठवण्याची चिठ्ठी द्यायला झोपलेल्यालाच दार उघडायला लावत होते मी.

मग चाळीतल्यासारखं करावं, नाव न विचारता सगळ्यांच्या कानावर घालावं. घरातल्या घरात तसंच होतं. बाहेरून मात्र राउटर ते होऊ देत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी 'स्मर्फ' नावाचे हल्ले होत. हल्लेखोर एखाद्या मोठ्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना मिळून एक हाक द्यायचा, पण पाठवणाऱ्याच्या जागी सावजाचा पत्ता घालायचा. शेकडो यंत्रं एकदम सावजाला 'ओ' द्यायची आणि ते त्या ओरड्याखाली गुदमरायचं. ऑगस्ट १९९९ मध्ये नियम उलटला: बाहेरून आलेली अशी सामूहिक हाक राउटरने मुळात आत सोडायचीच नाही.

तेव्हा हाक मारणारा आतलाच हवा. मी राउटरशेजारी रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला कॉम्प्युटर ठेवला, पत्त्यांच्या कॅटएवढा, मोजक्या वॅटांवर दिवसरात्र चालणारा. पुण्याहून मी त्याच्या कानात सांगते, तो घरात ओरडतो. एकाला झोपता यावं म्हणून दुसऱ्याला कायम जागं ठेवावं लागलं, हे मला थोडं अन्यायाचं वाटतं. मॅक पत्ता ठाऊक असलेल्या घरातल्या कुणाचीही हाक त्या कानाला चालते, हेही जरा भाबडंच.

एक उरलं होतं, लाइट जाणं. वीज पुरती गेली की आमच्या कार्डाला मिळालेला 'जागा राहा' हा हुकूम पुसला जातो, आणि लाइट आल्यावर यंत्र एकदा सुरू होईपर्यंत ते बहिरंच राहतं. बायोसमध्ये त्यावर तोड आहे: वीज परत आली की आपोआप सुरू व्हायचं. मी ती लावून ठेवली आणि आईला सांगायला विसरले.

पुढच्याच आठवड्यात पहाटे साडेतीनला फोन वाजला. "अगं, आत्ता लाइट आली आणि वरच्या खोलीत कसलातरी आवाज येतोय." मी तिला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं. आता तिथूनच झोपव त्याला. मी काही वर जाणार नाही."