हिवाळी फेऱ्यांपूर्वी टेम्पोचे ब्रेक उघडून पाहा

पावसाळा सरला की नांदेड-लातूर भागातील कापड व्यापाऱ्यांचा खरा हंगाम सुरू होतो. दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, मार्गशीर्षातील माळेगावची यात्रा आणि गावोगावचे आठवडी बाजार. नांदेडच्या वजिराबादेतून किंवा लातूरच्या गंजगोलाईतून गाठी भरून निघणारा टेम्पो याच दिवसांत सर्वांत जड असतो. त्याचे ब्रेक मात्र चार महिने चिखलपाण्यात भिजलेले असतात. आम्ही व्यापारी ताडपत्री पाहतो, टायर पाहतो. ब्रेकबाबत मात्र ‘लागतो ना, मग झाले’ म्हणून मोकळे होतो.

ब्रेक रिकाम्या गाडीत लागणे वेगळे आणि भरल्या गाडीत उतारावर लागणे वेगळे. गाडीचे एकूण वजन दुप्पट झाले तर थांबवताना ब्रेकवर उष्णताही दुप्पट पडते. वेग ताशी 40 वरून 60 किलोमीटर केला तर ती सव्वादोन पट होते. लोहा-अहमदपूर पट्ट्यात बालाघाटचे चढउतार आहेत. तेथे हा हिशेब उमगतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

सर्वाधिक दुर्लक्ष ब्रेक ऑइलकडे होते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट 3’ प्रतीचे नवे तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेले तेल मात्र 140 अंशांच्या आसपास उकळू शकते. उतारावर ब्रेक तापला की तेलात वाफ धरते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे चाकाकडे जात नाही आणि पेडल थेट तळाला टेकते. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठीक वाटतो, म्हणून दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. दोन वर्षांतून एकदा तरी संपूर्ण तेल बदलून हवा काढून घ्यावी. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे, बंद डब्यातलेच घ्यावे. त्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये; त्याने आतले रबर फुगते आणि सगळे किट बदलावे लागते.

मिस्त्रीकडून चारही चाके उघडून घ्यावीत. छोटा हत्तीसारख्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम असतात. ड्रममध्ये चिखल, गंज, व्हील सिलेंडरमधून तेलाची गळती दिसते का, लायनर रिबिटापर्यंत झिजला आहे का, हे स्वतः उभे राहून पाहावे. तेलाने भिजलेला लायनर पुसून परत बसवू देऊ नये. लायनर बदलायचा तर त्या धुरीच्या दोन्ही बाजूंचा बदलावा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. आम्ही बोटांच्या चिमटीत सूत ओळखणारे लोक, पण लायनर घेताना डब्यावरचे नावही वाचत नाही! आणखी एक एहतियात: ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात बसतो. ओल्या फडक्याने पुसावी.

घरी करण्याजोगी तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर गळती किंवा मास्टर सिलेंडरचा दोष समजावा. स्पंजासारखे लागत असेल तर आत हवा आहे. दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागत असेल तर त्या दिवशी माल भरू नये, गिऱ्हाईक कितीही घाई करो. ड्रायव्हर आणि हमाल ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. हँडब्रेक भरल्या गाडीनिशी चढावर तपासावा.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची खोड अजून गेलेली नाही. व्हॅक्यूमची मदत असलेल्या गाडीत इंजिन बंद पडल्यावर एक-दोन दाबांनंतर पेडल दगडासारखे कडक होते. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे.

फिटनेसचा कागद हातात आहे, यावर विसंबू नये. तो तपासणीच्या दिवसाचा दाखला असतो. आणि हे काम दिवाळीआधीच उरकावे. गाळप सुरू झाले की मिस्त्री उसाच्या ट्रॉल्यांत गुंततात, मग आपला टेम्पो चार-चार दिवस गॅरेजच्या दारात उभा राहतो.